कुतचा वेढा : पुणे डिव्हिजनचे शिपाई, त्यांची भूक आणि त्यांची नावं

मागच्या व्याख्यानात आपण पहिलं महायुद्ध का पेटलं ते पाहिलं. राजे, तह, राजधान्या यांचीच चर्चा त्यात जास्त झाली. आज खाली उतरायचं आहे. ज्याच्या हातात बंदूक होती, पाठीवर ओझं होतं आणि पोटात बहुतेक वेळा काही नव्हतं, त्या माणसाकडे बघायचं आहे. सगळ्या युद्धाचं एका तासात होणार नाही, म्हणून एकच जागा निवडली आहे : टायग्रिस नदीच्या काठावरचं कुत-अल-अमारा, आजच्या इराकमधलं. काळ डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, आणि त्यानंतरची अडीच वर्षं.

हीच जागा का? तिथे जी फौज अडकली तिचं नावच 'सहावी पूना डिव्हिजन' होतं. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा, अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखा आणि अर्थातच गोऱ्या पलटणी. आपल्याकडे महायुद्ध म्हटलं की फ्रान्समधले खंदक डोळ्यांसमोर येतात, कारण सिनेमे त्यांच्यावर निघाले. पण त्या युद्धात हिंदुस्थानातून सर्वांत जास्त माणसं गेली ती मेसोपोटेमियाला.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. नोव्हेंबर १९१४ मध्ये या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाव इथे उतरली. ११७ वी मराठा त्याच ब्रिगेडमध्ये होती. इराणमधलं तेल सुरक्षित ठेवायचं आणि बसरा ताब्यात घ्यायचं, एवढंच मूळ काम. ते पटकन झालं. मग वरच्यांना वाटलं, अजून थोडं पुढे जाऊ. कुर्ना घेतलं, अमारा घेतलं, कुत घेतलं. आणि मग बगदाद दिसायला लागलं. जनरल टाउनशेंड ही डिव्हिजन घेऊन नदीकाठाने वर सरकत गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. तिथे इंग्रजांच्या बाजूचे सुमारे साडेचार हजार लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेली फौज मागे फिरली, ३ डिसेंबरला कुतमध्ये शिरली, आणि चार-पाच दिवसांत तुर्कांनी बाहेरून फास आवळला.

लढायांचं एवढं पुरे. आता त्या जखमींचं काय झालं ते बघू, कारण शिपायाचं ओझं खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं.

टेसिफोनच्या जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्या, म्हणजे मालाच्या गाड्या. ज्याचं मांडीचं हाड मोडलंय त्याला त्या गाडीत घालून खडबडीत वाळवंटातून मैलोन्मैल न्यायचं. नदीवर पोचल्यावर बोटीच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने झोपवायचं, आणि तिथून बसऱ्यापर्यंत कित्येक दिवसांचा प्रवास. पट्ट्या बदलायला माणूस नाही, शौचाला जागा नाही. मेजर कार्टर नावाच्या एका लष्करी डॉक्टरने अशी एक बोट बसऱ्याला लागताना पाहिली. तिच्या कडेने काय लोंबत होतं याचं त्याने केलेलं वर्णन आजही वाचवत नाही, आणि इथे मी ते सांगणार नाही. त्याने वर तक्रार केली. वरच्यांनी काय केलं? त्यालाच दम भरला. ही मोहीम तेव्हा सिमल्याहून, हिंदुस्थान सरकारकडून चालत होती आणि खर्चात काटकसर हे तिथलं मोठं ब्रीद. बोटी कमी, डॉक्टर कमी, औषधं कमी. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. जखमींना अर्थात त्याचा उपयोग नव्हता.

आता कुतमध्ये येऊ. नदीने तीन बाजूंनी वेढलेलं छोटं गाव. आत सुमारे सहा हजार गावकरी, आणि त्यांच्यात ही फौज. फौज म्हणजे नुसते लढणारे नव्हेत. शेवटी शरण गेलेल्यांचा आकडा सुमारे तेरा हजार आहे. त्यांतले तीन हजारांच्या वर लोक बिनलढाऊ होते : स्वयंपाकी, भिस्ती, धोबी, झाडूवाले, खेचरं हाकणारे, डोलीवाले. सरकारी भाषेत त्यांना 'फॉलोअर' म्हणत. आपल्याकडे जुन्या काळी यांनाच बुणगे म्हणायचे, आणि पानिपतापासून आपण त्यांना दोष देत आलो आहोत. पण जखमी माणसाला गोळ्यांच्या माऱ्यातून डोलीत घालून मागे कोण आणतो? हाच. त्याच्या हातात बंदूकही नसते.

पहिल्या महिन्यात लढाई जोरात होती. २४ डिसेंबरला तुर्कांनी मातीच्या किल्ल्यावर मोठा हल्ला केला. तो परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा होती. नंतर तुर्कांनी ठरवलं की मरायचं कशाला, भुकेलाच काम करू दे. जानेवारीपासूनची गोष्ट ही मुख्यतः पिठाची गोष्ट आहे.

आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने कुत हा एक भयंकर प्रयोगच झाला. कोणी ठरवून केलेला नव्हे, आपोआप घडलेला. एकाच गावात, एकाच वेळी अडकलेल्या दोन गटांचं खाणं वेगळं होतं. गोऱ्या शिपायांना मैद्याचा पांढरा पाव आणि घोड्याचं मांस. आपल्या शिपायांना जाडंभरडं पीठ आणि असेल तोवर डाळ. काही आठवड्यांत गोऱ्यांमध्ये बेरीबेरी दिसायला लागली : पाय सुजतात, हातापायांतली शक्ती जाते, हृदय थकतं. आपल्या लोकांना बेरीबेरी झाली नाही. त्यांना झाला स्कर्व्ही : हिरड्या सुजून रक्त येतं, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात.

असं का? बेरीबेरी होते ब-१ जीवनसत्त्व नसल्याने, आणि ते असतं धान्याच्या कोंड्यात. पांढऱ्या पिठातून कोंडा काढून टाकलेला. आपल्या लोकांच्या पिठात तो होता, म्हणून ते वाचले. स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्व नसल्याने, ते मिळतं ताज्या भाज्यांतून, फळांतून, थोडंफार ताज्या मांसातूनही. भाज्या कुणालाच नव्हत्या. पण गोरे घोडा खात होते, आपले खात नव्हते. पुढे पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांनाही जवाचं कोंड्यासकट पीठ खावं लागलं, आणि गंमत बघा, बेरीबेरी ओसरली! तंगी वाढली आणि आजार कमी झाला. 'व्हिटामिन' हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता, १९१२ मधला. डिव्हिजनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनी हे सगळं टिपून ठेवलं आणि आहारशास्त्रात ते आजही सांगितलं जातं.

तर मग प्रश्न उरतो, आपल्या शिपायांनी घोडा का खाल्ला नाही?

इंग्रज लेखकांनी याचं उत्तर एका शब्दात दिलं आहे : धर्म, किंवा अडाणीपणा. मला ते पुरेसं वाटत नाही. नीट बघा काय झालं ते. अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या हिंदू आणि मुसलमान धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली. परवानगी आली. संकटात चालतं, दोष लागणार नाही. तरीही बरेचसे शिपाई कित्येक आठवडे नाहीच म्हणत राहिले. म्हणजे अडचण शास्त्राची नव्हती. अडचण गावाची होती. परवानगी देणारा पंडित काशीला किंवा दिल्लीला असेल. पण हा शिपाई परत जाणार आहे सातारा किंवा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीत, किंवा पंजाबातल्या एखाद्या पिंडात. तिथे भावकी आहे, जातपंचायत आहे. 'ह्यानं बसऱ्याला घोडा खाल्ला' एवढं एक वाक्य पसरलं की संपलं. रोटीबेटी बंद. बहिणीचं लग्न अडेल, मुलाचं अडेल. आणि पलटणीत शेजारी कोण असायचा? त्याच भागातला, कधी कधी त्याच गावचा माणूस. म्हणजे साक्षीदार बरोबरच होता. आपण मेलो तर कुटुंबाला पेन्शन मिळेल, पण वाळीत पडलो तर काय मिळेल? हा हिशेब करणारा माणूस अडाणी नाही. तो पोटाच्या भुकेपुढे घरच्यांची अब्रू तोलतोय.

शेवटी एप्रिलमध्ये रोजचं पीठ पाच औंसांवर आलं. पाच औंस म्हणजे जेमतेम दीडशे ग्रॅम. आपल्या घरच्या तीन-चार पोळ्या. एवढ्यावर खंदक खणायचे, रात्रभर पहारा करायचा, टायग्रिसला पूर आला की खंदकात घुसलेलं पाणी उपसायचं. त्यातच वरून असंही सांगण्यात आलं की जे खाणार नाहीत त्यांच्या हुद्द्याचं खरं नाही. मग मात्र बहुतेकांनी खाल्लं. तोपर्यंत अंगात काही उरलं नव्हतं.

मध्यंतरी लोक काय काय करत होते! रानातला पाला आणून भाजी म्हणून शिजवत होते. त्यातला काही विषारी निघायचा. ब्रिगेडियर हॉटन असाच पाला खाऊन गेले असं म्हणतात. तंबाखू संपल्यावर लिंबाची पानं आणि उकळून वाळवलेला चहाचा चोथा ओढायचे. जव होता पण दळायची सोय अपुरी, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी पीठही टाकलं. वेढ्यातल्या फौजेला हवेतून अन्न पुरवायचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. पण त्या वेळची विमानं ती, कितीसं वजन उचलणार? काही पोती नदीत, काही तुर्कांच्या बाजूला.

बाहेरून सोडवायला फौजा येत होत्या. आतल्यांना तोफा ऐकू यायच्या. जानेवारीत, मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, प्रत्येक वेळी आवाज जवळ यायचा आणि थांबायचा. या सोडवणुकीच्या लढायांत सुमारे तेवीस हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आत होती तेरा हजार! म्हणजे जेवढे वाचवायचे होते त्यांच्या पावणेदोन पट माणसं वाचवण्याच्या खटाटोपात कामी आली, आणि वाचला कोणीच नाही.

या काळातला अजून एक ताण. तुर्क रात्री खंदकांपाशी पत्रकं टाकायचे, हिंदुस्थानी भाषांमधून. मजकूर साधारण असा : साहेबांना सोडा, आमच्याकडे या. मुसलमान शिपायांची ओढाताण जास्त होती. समोर खलिफाची फौज, आणि टेसिफोनला तर पैगंबरांचे सोबती सलमान यांची कबर. काही जण पळाले, काहींनी स्वतःच्या बोटावर गोळी झाडून घेतली. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगायला हवं. नाहीतर आपण शिपायाचा पुतळा करतो, आणि पुतळ्याला भूकही लागत नाही, भीतीही वाटत नाही. बहुसंख्य लोक मात्र शेवटच्या दिवसापर्यंत जागेवर उभे होते, हेही तितकंच खरं.

२९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. त्याआधी पैसे देऊन फौज सोडवायचा प्रयत्न झाला. टी. ई. लॉरेन्स, तोच पुढचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', बोलणी करायला आला होता. वीस लाख पौंडांपर्यंत देऊ केले. तुर्की सेनापती खलील पाशाने नकार दिला.

आता यापुढचा भाग ऐका. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं, नोकरचाकरांसह. अधिकाऱ्यांना वेगळं काढून त्यांच्या प्रवासाची बऱ्यापैकी सोय केली. साध्या शिपायांना चालवत नेलं. आधी कडक, दगडासारखी बिस्किटं दिली. पाच महिने उपाशी असलेल्या आतड्यांना ती झेपली नाहीत, पहिल्या काही दिवसांतच कित्येक मेले. मग बगदाद, मग मोसुलच्या वाटेने रास-अल-ऐनपर्यंत, उन्हाळ्यात, बूट विकून नाहीतर चोरीला जाऊन अनवाणी झालेल्या पायांनी. तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. गोऱ्या शिपायांपैकी सुमारे सव्वीसशे कैद झाले, त्यांतले सतराशेंच्या वर मेले. हिंदी शिपाई आणि नोकर मिळून सुमारे दहा हजार. त्यांतले किमान अडीच हजार परत आले नाहीत.

हे आपल्याला कुणी सांगितलं? मराठा पलटणीतल्या शिपायाने नाही. त्याला बहुधा लिहिता येत नव्हतं. आपल्या बाजूचं उत्तम वर्णन आहे ते बंगालीत. बंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण कुतमध्ये पकडला गेला. त्याने रोजनिशी ठेवली, बुटात लपवून वाचवली, आणि चाळीसेक वर्षांनी तिच्यावरून 'अभि ले बगदाद' हे पुस्तक काढलं. रास-अल-ऐनला त्याने आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या खुणाही पाहिल्या. कैदी असलेला हा मुलगा दुसऱ्याच्या दुःखाची नोंद करतोय.

शिपायाचं पत्र म्हणाल तर ते दुसऱ्याच्या हातचं. तो सांगणार, पलटणीतला लिहिणारा लिहिणार. मग सेन्सॉर वाचणार. गावात पोचलं की मास्तर किंवा पोस्टमन मोठ्याने वाचणार, आणि आजूबाजूला सगळी आळी बसलेली. चार जणांच्या कानांवरून जाणाऱ्या पत्रात माणूस बायकोला काय सांगेल? 'मी खुशाल आहे.' फ्रान्समधल्या पत्रांत तर लोकांनी युक्ती काढली होती : काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. सेन्सॉरला अर्थात ते कळायचं. कुतवाल्यांच्या घरी तेवढंही येत नव्हतं. कैद्यांच्या याद्या अपुऱ्या, नावांची इंग्रजी स्पेलिंग वाटेल तशी. घरच्यांना माणूस मेला की जिवंत आहे हेच कळत नव्हतं. कुंकू ठेवायचं की पुसायचं, हा प्रश्न कित्येक घरांत दोन-दोन वर्षं लोंबकळत राहिला असेल. युद्धाचं ओझं वाहणाऱ्यांच्या यादीत ती बाई कधीच नसते.

वेळ होत आलाय. दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न : एवढं सगळं सोसायचं होतं तर हे लोक गेलेच का? दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी?)

चांगला प्रश्न. एक म्हणजे पगार. शिपायाला महिना अकरा रुपये. आज हसू येतं, पण कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या घरात दरमहा रोख येणारी दुसरी रक्कम नव्हती. दुसरं, घराणं : आजा पलटणीत, बाप पलटणीत. तिसरं, प्रतिष्ठा. आणि ही प्रतिष्ठा किती हवीशी होती ते बघायचं तर ज्यांना ती नाकारली त्यांच्याकडे बघा. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद केली होती. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारला अर्ज केले. १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर मोडली. म्हणजे मरायचा हक्कसुद्धा मागून घ्यावा लागत होता. साम्राज्याबद्दल म्हणाल तर वेढ्याच्या चौथ्या महिन्यात साम्राज्यासाठी कोणी उभा राहत नसतो. शेजारचा उभा आहे म्हणून हा उभा असतो.

(प्रश्न : आमच्या गावचे कोणी होते का, हे शोधता येतं का? नावं कुठे मिळतील?)

बसऱ्याला एक मोठं स्मारक आहे, १९२९ सालचं. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नाहीत. अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा आहे. या भेदभावाबद्दल युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून चूक कबूल केली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनने ते स्मारकच उचलून शहराबाहेर नेलं, ती वेगळीच कथा.

म्हणून सुरुवात गावातून करा. साताऱ्यात, कोकणात कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, पैकी इतके परत आले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. पाटीवरही बहुतेक ठिकाणी आकडाच असतो. पण आकडा मिळाला की घरं शोधता येतात. जुन्या ट्रंकेत पदक असेल तर त्याची कड बघा. महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ती घेऊन आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीनुसार शोधा, आणि नाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा. आणि एक विनंती, ते पदक ब्रासोने घासू नका. कड झिजते.